आइसलँडला पहिल्यांदा जाताय? आधी वाऱ्याचं बघा

आइसलँडहून आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, थंडी किती होती गं? आणि मी प्रत्येकाला सांगते की थंडीचं सोडा हो, थंडीला कपडे असतात, वाऱ्याला काय करणार. राजधानी रेक्याविकमध्ये जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं, देशाचं नाव ऐकून आपण मनात जे धरून बसतो त्यामानाने काहीच नाही, समुद्रातून उबदार पाण्याचा प्रवाह येतो त्याची कृपा. पण वारा असा की गाडीचा दरवाजा हातातून हिसकावून नेतो. आमचा नेला, ते पुढे सांगतेच.

आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि माझी आई (वय ६८, गुडघे ठीकठाक, उत्साह आमच्यापेक्षा जास्त), सप्टेंबरचा शेवट, एकूण १० दिवस. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी लिहितेय, जे आधी करायचं ते आधी, आणि जिथे आम्ही माती खाल्ली तेही.

१. तिकिटाच्या आधी महिना ठरवा

देश एकच असला तरी उन्हाळ्यातला आइसलँड आणि हिवाळ्यातला आइसलँड या दोन वेगळ्या ट्रिपा आहेत, दोन्ही एकात बसवायला जाऊ नका. जूनमध्ये रेक्याविकला सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि तीन वाजता परत हजर, मधे खरा अंधार होतच नाही. म्हणजे फिरायला भरपूर उजेड, पण नॉर्दर्न लाइट्स (रात्री आकाशात दिसणारे ते रंगीत प्रकाशाचे पट्टे) दिसण्याची शक्यता शून्य. हे मुद्दाम लिहितेय कारण जुलैचं तिकीट काढून नॉर्दर्न लाइट्सची टूर शोधणारे लोक मी स्वतः बघितलेत. त्याला अंधार लागतो, साधारण सप्टेंबर ते एप्रिलचा मध्य, आणि आकाश मोकळं लागतं. डिसेंबरमध्ये अंधार हवा तेवढा मिळतो, पण दिवस सकाळी ११च्या पुढे उजाडतो आणि साडेतीनला संपतो, त्या चार तासांत काय बघाल ते बघा.

पफिन नावाचे ते रंगीत चोचीचे पक्षी बघायचे असतील तर एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत, नंतर ते समुद्रात निघून जातात. देशाच्या मधल्या डोंगराळ भागातले रस्ते साधारण जूनच्या शेवटी उघडतात आणि सप्टेंबरात बंद व्हायला लागतात. हिमनदीतल्या नैसर्गिक बर्फाच्या गुहा म्हणजे हिवाळ्याचंच काम, नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात कोणी नेतो म्हणाला तरी जाऊ नका, ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेदामेर्कुरयोकुल हिमनदीवर बर्फ कोसळून एक पर्यटक गेला.

आम्ही सप्टेंबर घेतला कारण रात्री अंधार होतो, दिवस १२ तासांचा असतो आणि रस्त्यावर बर्फ सहसा नसतो. पफिन हुकले. एवढं चालायचंच.

२. नकाशावर कमी फिरा

देशाला वळसा घालणारा जो एक नंबरचा रस्ता आहे, रिंग रोड, तो १,३२२ किलोमीटरचा. आपण लगेच भागाकार करतो, रोज सव्वादोनशे, सहा दिवसांत झालं. असं होत नाही. वेगमर्यादा डांबरी रस्त्याला ९०, खडीच्या रस्त्याला ८०, गावात ५०, आणि दर पंधरा मिनिटांनी असं काहीतरी दिसतं की गाडी थांबवावीच लागते. रेक्याविक ते विक (दक्षिण किनाऱ्यावरचं छोटं गाव) अडीच तास, रेक्याविक ते योकुलसार्लोन (ते हिमनग तरंगणारं तळं) न थांबता साडेचार-पाच तास, आणि न थांबता कोणी जात नाही.

माझं मत विचाराल तर पाच-सहा दिवस असतील तर गोल्डन सर्कल, म्हणजे थिंगवेत्लिर हे राष्ट्रीय उद्यान, गेसिरचे गरम पाण्याचे फवारे आणि गुल्लफॉस धबधबा, त्याला जोडून दक्षिण किनारा योकुलसार्लोनपर्यंत, आणि त्याच रस्त्याने परत. पूर्ण वळसा घ्यायचा तर किमान ८, नीट १० दिवस. हिवाळ्यात पहिल्याच वेळी पूर्ण वळसा नकोच.

आणि एक दिवस कोरा ठेवा, अगदी कोरा, त्यावर काहीच बुक करू नका. आमचा विकमध्ये एक दिवस असा गेला की बाहेर ऑरेंज अलर्ट, पुढचा रस्ता बंद, आम्ही गेस्टहाउसच्या खिडकीत बसून समोरच्या कुंपणाला अडकलेली कोणाची तरी टोपी फडफडताना बघत होतो. तो कोरा दिवस होता म्हणून पुढची हॉटेलं वाचली, फोन करून फक्त एक रात्र सरकवली. शेजारच्या खोलीतल्या जोडप्याचं दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं, त्यांचं पुढे काय झालं देव जाणे.

३. व्हिसा

आइसलँड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट) २००१ पासून आहे, त्यामुळे आपल्याला शेंगेन व्हिसाच लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी करायलाच लागतो, पण १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका, अपॉइंटमेंट मिळण्यातच वेळ जातो. मोठ्यांची फी ९० युरो. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट परत निघायच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालायला हवा आणि १० वर्षांपेक्षा जुना नको.

अर्ज कोणाकडे करायचा यात लोक गोंधळतात. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे, आणि रात्री सारख्याच असतील तर आधी जिथे उतरताय तिकडे. म्हणजे वाटेत पॅरिस दोन दिवस आणि आइसलँड सहा, तर आइसलँड. तिकीट पॅरिसचं दिसतंय म्हणून फ्रान्सकडे जाऊ नका.

आता विमानं. भारतातून थेट विमान नाही, कुठेतरी बदलावं लागतंच. फ्रँकफर्ट, कोपनहेगन, हेलसिंकी, ॲमस्टरडॅम अशा शेंगेनमधल्या ठिकाणी बदललं तर इमिग्रेशन तिथेच होतं, केफ्लाविकला (आइसलँडचा मुख्य विमानतळ) उतरून तुम्ही सरळ बॅग घ्यायला. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवीन पद्धत सुरू झालीय, पहिल्यांदा जाताना त्या रांगेत वेळ जातो, म्हणून मधे सव्वा तासाचं कनेक्शन घेऊ नका, तीन तास ठेवा. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर थांबा, लंडनला विमान बदलायला भारतीय पासपोर्टवर बहुतेक वेळा वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो आणि शेंगेनचा साधा टुरिस्ट व्हिसा तिथे कामाला येत नाही. तिकिटात वाचलेले पैसे तिकडे जातात.

आणखी एक बारीक गोष्ट, रेक्याविक नावाचा विमानतळ वेगळा आहे, तो शहरातच आहे आणि बहुतेक देशांतर्गत विमानांचा. आपण उतरतो तो केफ्लाविक, शहरापासून ५० किलोमीटर, बसने पाऊण तास.

४. राहायचं आणि पैशांचं

हा देश चार लाखांच्या आसपास लोकवस्तीचा आहे, आणि त्यातले बहुतेक रेक्याविकच्या आसपास. बाहेर पडलं की गावं म्हणजे एक चर्च, एक पंप, वीस घरं. त्यामुळे विक, हॉफ्न, मिवात्न अशा ठिकाणी खोल्या मोजक्या असतात, उन्हाळ्यासाठी चार-सहा महिने आधी बुक करा. किचन असलेली जागा घ्या, कितीही कंटाळा आला तरी, याचं कारण बाहेर जेवायला बसलात की बिल बघून कळेल. कॅम्परव्हॅन घेतली म्हणजे कुठेही झोपता येतं असं नाही, ठरलेल्या कॅम्पसाइटवरच लावायची.

चलन क्रोना. त्यात पैसे-बिसे नाहीत, पण हजाराच्या जागी टिंब देतात, म्हणजे १.९९० लिहिलं असेल तर ते एकोणीसशे नव्वद, दोन नव्हे. आईने पहिल्या दिवशी लोकरीचा स्वेटर बघून "अगं किती स्वस्त" म्हटलं होतं. रोख पैसे लागतच नाहीत, आम्ही दहा दिवसांत एकदाही नोट हातात धरली नाही. पण कार्डाचा पिन पाठ हवा, कारण गावाबाहेरच्या पंपांवर माणूसच नसतो, मशीनमध्ये कार्ड घाला, पिन टाका, पेट्रोल भरा. मशीन आधी मोठी रक्कम अडवून ठेवतं आणि खरा आकडा नंतर कापतं, मेसेज बघून घाबरू नका. दोन वेगळ्या बँकांची कार्डं असलेली बरी आणि निघण्याआधी दोन्हींवर परदेशातला वापर चालू करून घ्या. टिप द्यायची पद्धत नाही.

५. बॅगेत काय

छत्री घेऊ नका. खरंच. विमानतळाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात उलट्या झालेल्या छत्र्या बघितल्या मी, त्या आपल्यासारख्यांच्याच असणार.

बाहेरचा थर महत्त्वाचा, वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट, पँट लोक विसरतात. पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो, आणि धबधब्याजवळ तर सगळीकडूनच. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस. जीन्स आणि सुती कपडे भिजले की दिवसभर वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. टोपी कान झाकणारी आणि घट्ट, मफलरपेक्षा मानेत अडकवायची गोल पट्टी बरी, मफलर उडतो. बूट वॉटरप्रूफ आणि घरी महिनाभर घालून सरावाचे केलेले. हिवाळ्यात बुटांना लावायचे छोटे खिळे हवेत, धबधब्याकडे जाणाऱ्या वाटा काचेसारख्या होतात. उन्हाळ्यात डोळ्यांवर लावायची पट्टी, नाहीतर रात्री दोनला पडद्याच्या फटीतून ऊन.

आणि पोहण्याचे कपडे, डिसेंबर असला तरी.

प्लग दोन गोल पिनांचे, २३० व्होल्टच, त्यामुळे कन्व्हर्टर नको, आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही म्हणून साधा अडॅप्टर. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपच्या बाहेरून नेता येत नाहीत, तूप आणि पेढे पण त्यातच आले, तेव्हा घरीच ठेवा. मासेमारीचं वापरलेलं सामान किंवा घोडेस्वारीचे वापरलेले कपडे नेणारे कमीच, पण नेणार असाल तर ते निर्जंतुक केलेले लागतात, आणि वापरलेलं खोगीर-लगाम तर नेताच येत नाही, तिथले घोडे आणि नद्या जगापासून जपलेल्या आहेत.

६. गाडी, आणि तो दरवाजा

गाडी घ्यावी का? चालवायची सवय असेल तर उन्हाळ्यात जरूर. हिवाळ्यात बर्फावर कधी चालवली नसेल तर रेक्याविकमध्ये राहून बसच्या टूर घ्या, त्यात काही कमीपणा नाही, त्या ड्रायव्हरांचा जन्म त्या रस्त्यांवर गेलेला असतो. लायसन्स रोमन लिपीत छापलेलं हवं, सोबत इंटरनॅशनल परमिट असलेलं बरं. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, पहिला दिवस छोटा ठेवा.

साधी गाडी रिंग रोडला उन्हाळ्यात पुरते. ज्या रस्त्यांच्या नंबराआधी एफ असतो ते डोंगरातले, तिथे फोर बाय फोरच लागते, कायद्यानेच, आणि नद्यांवर पूल नसतात, पाण्यातून गाडी घालायची. पाण्यात बंद पडली तर इन्शुरन्स काही देत नाही. पहिल्या ट्रिपला एफ रस्ते सोडून द्या. रस्ता सोडून मॉसवर (दगडांवर वाढणारं जाड शेवाळं) किंवा वाळूत गाडी घालणं तर गुन्हाच आहे, मोठा दंड असतो, कारण तिथलं मॉस एकदा चिरडलं की परत यायला कित्येक वर्षं लागतात.

हेडलाइट दिवसाही चालू. एका गाडीपुरते पूल येतात, जो आधी पोचतो तो आधी जातो, पण समोरून ट्रक येत असेल तर हिशोब करत बसू नका, थांबा. डांबर अचानक संपून खडी सुरू होते, पाटी असते, तिथे वेग न कमी करता जाणारे पर्यटक सरळ शेतात जातात. उन्हाळ्यात मेंढ्या मोकळ्या असतात आणि आई एका बाजूला, पिल्लू दुसऱ्या बाजूला दिसलं तर समजायचं की पिल्लू आता पळणार.

आता वारा. तिथल्या हवामानाच्या अंदाजात वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंद असतो. आपण १५ वाचतो आणि म्हणतो, पंधरा ना, झुळूक आहे. ३.६ ने गुणा, ५४ किलोमीटर झाले. २० म्हणजे ७२. आणि हा सरासरी वारा, डोंगराच्या पायथ्याशी येणारे झोत त्याच्या कितीतरी वर जातात. रस्त्याच्या कडेला इलेक्ट्रॉनिक पाट्या असतात, त्यावर तापमान, वाऱ्याची दिशा आणि वेग, आणि जिथे झोत येतात तिथे झोताचा आकडा वेगळा. बघायचा तो झोताचा आकडा. आमचा नियम असा की १५ च्या वर गेला तर सावकाश आणि फोटोसाठी थांबणं बंद, २० च्या वर असेल तर निघायचंच नाही. कॅम्परव्हॅन असेल तर हे आकडे आणखी खाली आणा, ती उंच डब्यासारखी गाडी शीड बनते.

तर दरवाजा. क्लौस्तुर नावाचं एक छोटं गाव आहे (खरं नाव किर्क्युबायरक्लौस्तुर, पण तिथलेही एवढं म्हणत नाहीत), तिथल्या पंपावर आम्ही थांबलो. आत बसून काही जाणवत नव्हतं, गाडी थोडी हलत होती एवढंच. नवऱ्याने नेहमीसारखं हँडल ओढलं आणि दार उघडलं, म्हणजे त्याने नाही उघडलं, वाऱ्याने उघडलं, पूर्ण, आणि त्याच्याही पुढे. कड असा आवाज आला. हात तसाच हवेत. सीटवरची पावती, चिप्सचं रिकामं पाकीट, आईचा रुमाल, सगळं एका क्षणात गाडीतून निघून पंपापलीकडच्या लाव्हाच्या मैदानात. दार परत लावलं तर वरच्या बाजूला बोटभर फट, आणि पुढचे चार दिवस त्या फटीतून शिट्टी वाजत होती. भाड्याच्या गाडीचा आमचा इन्शुरन्स सगळ्यात महागातला होता, पण वाऱ्याने उपटलेलं दार त्यात बसत नव्हतं, कागदावर बारीक अक्षरात होतं, आम्ही वाचलं नव्हतं. किती भरले ते सांगत नाही, आईला अजून खरा आकडा माहीत नाही.

पंपावरचे एक आजोबा शांतपणे बाहेर आले आणि त्यांनी हाताने करून दाखवलं, ते तुम्हीही शिकून घ्या. गाडी लावताना नाक वाऱ्याकडे करायचं, म्हणजे वारा दार उघडत नाही, लावतो. एका वेळी एकच दार. उघडताना एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने दाराची कड वरून धरायची, आणि मागे बसलेल्यांनी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. मुलं असतील तर त्यांच्या बाजूला चाइल्ड लॉक. हे सगळं पाच सेकंदांचं काम आहे.

इन्शुरन्स घेताना खडीने काच फुटण्याचं घ्या, आणि दक्षिण किनाऱ्याला जाणार असाल तर वाळू आणि राखेचं पण बघा. मिरदाल्ससांदुर आणि स्केदारारसांदुर ही काळ्या वाळूची मैदानं आहेत, वारा सुटला की ती वाळू गाडीचा रंग खरवडून काढते. गाडी ताब्यात घेताना चहूबाजूंनी व्हिडिओ काढा, दारांच्या बिजागऱ्यांसकट.

७. रोज सकाळी चहाच्या आधी

तीन गोष्टी उघडायच्या. वेदुर डॉट आयएस हे हवामान खात्याचं, त्यात पिवळा, केशरी, लाल असे इशारे असतात, आणि ढगांचा नकाशा पण, रात्री नॉर्दर्न लाइट्ससाठी कुठे आकाश मोकळं मिळेल ते त्यातच दिसतं. उमफेर्दिन डॉट आयएसवर कुठला रस्ता उघडा, कुठे निसरडं, कुठे बंद. आणि सेफट्रॅव्हल डॉट आयएस, तिथल्या स्वयंसेवी बचाव पथकाचं, त्यावर ताज्या धोक्यांची माहिती. ही पथकं पगारी नाहीत, कोणी शिक्षक, कोणी सुतार, हातातलं काम टाकून तुम्हाला काढायला येतात, हे लक्षात असलं की बंद रस्त्याचं बॅरिकेड ओलांडायला हात धजत नाही. ११२ हा आणीबाणीचा नंबर, त्याचं ॲप निघण्याआधी टाकून ठेवा, बटण दाबलं की तुम्ही कुठे आहात ते त्यांना जातं.

जीपीएसबद्दल एक खरी गोष्ट. २०१६ मध्ये एक अमेरिकन पर्यटक केफ्लाविकहून रेक्याविकच्या लौगावेगुर रस्त्यावरच्या हॉटेलला निघाला, नावात एक र जास्त पडला होता, आणि तो बिचारा पार उत्तरेच्या सिग्लुफ्योर्दुरला पोचला, चारशेच्या वर किलोमीटर लांब. तिकडे एकाच नावाची तीन-तीन ठिकाणं असतात, म्हणून नाव टाइप करण्यापेक्षा नकाशावर जागा बघून खूण करून ठेवा, आणि पोचायला किती वेळ दाखवतंय ते निघण्याआधी एकदा वाचा.

केफ्लाविक ज्या भागात आहे त्या रेक्यानेस द्वीपकल्पावर २०२१ पासून ज्वालामुखीचे उद्रेक परत सुरू झालेत, ग्रिंडाविक गाव नोव्हेंबर २०२३ मध्ये रिकामं करावं लागलं, आणि ब्लू लगून, ते अंघोळीचं प्रसिद्ध गरम तळं, त्या गावाच्या अगदी शेजारी. ते मधूनमधून बंद ठेवतात, तिकीट आधी काढावंच लागतं, म्हणून बदलता येणारं तिकीट घ्या.

समुद्राचं एक. रेनिसफ्यारा हा विकजवळचा काळा किनारा, तिथे दिव्याचा सिग्नल लावलाय, किती पुढे जायचं ते सांगणारा. पाच-सात लाटा शांत येतात आणि मधेच एक अशी येते की पार वरपर्यंत चढते आणि माणसाला ओढून नेते, कित्येक जण गेलेत. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. आईला मी हात धरून उभं केलं होतं, तिला राग आला, आला तर आला.

८. पूल, आणि त्याआधीचा शॉवर

जवळजवळ प्रत्येक गावात सार्वजनिक पूल असतो, उघड्यावर, बहुतेक जमिनीतल्या उष्णतेने तापवलेला, बाजूला ३८ ते ४२ अंशांचे छोटे गरम हौद, आणि ब्लू लगूनच्या मानाने तिकीट अगदीच किरकोळ. दिवसभर वाऱ्यात सोलून निघाल्यावर त्या पाण्यात बसणं म्हणजे काय ते लिहून कळणार नाही. पण आत जाण्याआधी साबण लावून, पोहण्याचे कपडे न घालता, अंघोळ करायची, हा नियम आहे आणि त्यात सूट नाही. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, पण आत सगळ्यांचं एकत्र, पडदा असेलच असं नाही. भिंतीवर माणसाचं चित्र असतं, कुठे कुठे घासायचं तिथे लाल रंग. पाण्यात क्लोरीन कमी टाकतात म्हणून हे सगळं.

मी आईला आदल्या रात्री सांगितलं तर ती म्हणाली, मी गाडीत बसते, तुम्ही या जाऊन. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत आली, बघते म्हणाली. आत तिच्याच वयाच्या तीन बायका शॉवरखाली उभ्या राहून निवांत गप्पा मारत होत्या, भाजी आणायला आल्यासारख्या. आई दोन मिनिटं टॉवेल गुंडाळून खांबाला टेकून उभी. मग मला हळूच म्हणाली, "कोणी बघतच नाहीये गं." आणि टॉवेल खुंटीवर. त्यानंतर प्रत्येक गावात पहिला प्रश्न तिचा, इथला पूल किती वाजेपर्यंत आहे.

अजिबातच जमणार नसेल तर बऱ्याच ठिकाणी एखादी बंद खोली असते, काउंटरवर विचारा. बूट बाहेरच काढायचे आणि लॉकरकडे परत येताना आधी अंग पुसायचं, ओल्याने आलात तर बोलणी बसतात. ब्लू लगूनच्या पाण्यात सिलिका असते, केस वाळक्या गवतासारखे होतात, आधी भरपूर कंडिशनर चोपडून केस बांधून घ्या आणि चांदीचे दागिने काढून ठेवा.

९. खाणं-पिणं

पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं थंड पाणी उत्तम असतं. गरम नळाला सडक्या अंड्याचा वास येतो, ते जमिनीतून येणारं पाणी, अंघोळीला चालतं, प्यायला नाही, त्यामुळे प्यायचं असेल तर थंड नळ थोडा वाहू द्या आणि मग भरा.

किराणा बोनुसमधून, पिवळ्या पाटीवर गुलाबी डुक्कर, किंवा क्रोनानमधून. सकाळी लवकर उघडत नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळीच भरून ठेवा. स्कीर नावाचं घट्ट दही मिळतं, आमचा रोजचा नाश्ता तोच. शाकाहारी असाल तर रेक्याविकमध्ये काही अडचण नाही, पण बाहेर पंपावरचं ग्रिल हेच गावातलं एकमेव हॉटेल असतं आणि तिथे बर्गर आणि हॉटडॉग. डबा सोबत ठेवा. रेक्होल्टला फ्रिदहेमार नावाचं ग्रीनहाउस आहे, तिथे टोमॅटोच्या वेलांमध्ये बसून टोमॅटो सूप आणि ब्रेड हवा तेवढा देतात, गोल्डन सर्कलच्या वाटेवरच आहे, आधी बुक करा.

बाटली विकत घ्यायची तर दारू मुख्यतः सरकारी दुकानात मिळते, विनबुदिन, आणि त्यांच्या वेळा कमी. बिअरवर तर १ मार्च १९८९ पर्यंत बंदीच होती. पिणारे लोक केफ्लाविकला उतरल्या उतरल्या ड्यूटी फ्रीमध्ये घुसतात, आइसलँडचे लोकही तेच करतात.

१०. परतीचा दिवस

शेवटची रात्र रेक्याविक किंवा केफ्लाविकमध्येच काढा, विकहून सकाळी निघून दुपारचं विमान पकडू असलं धाडस नको. गाडी परत करायच्या आधी टाकी भरा. बऱ्याच धबधब्यांच्या पार्किंगला कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे ॲपवर भरायचे असतात, तसंच उत्तरेतल्या आकुरेरी गावाजवळचा वाद्लाहेदी बोगदा, त्याचा टोल ऑनलाइनच, बूथ नाही. राहिलं तर गाडीवाले दंडासकट तुमच्या कार्डावरून कापतात, आमचं एक राहिलं होतं.

लोकरीचा स्वेटर वगैरे घेतला असेल तर दुकानातून टॅक्स परत मिळण्याचा फॉर्म घ्या. केफ्लाविकला बॅग चेक-इन करायच्या आधी तो रिफंडच्या काउंटरवर दाखवायचा, वस्तू बघायला मागू शकतात.

आणि परतीचं कनेक्शन पण लांब ठेवा. केफ्लाविकला वारा फार वाढला की विमानाला जिनासुद्धा लावत नाहीत, उतरलेली माणसं आतच बसून राहतात, मागची विमानं सुटत नाहीत. आमचं विमान अडीच तास उशिरा सुटलं, पुढचं पकडायला वीस मिनिटं उरली, आईसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती म्हणून आम्हाला बाजूच्या रांगेतून काढलं. तुमच्यासोबत कोणी वयस्कर असेल तर तीही तिकीट काढतानाच सांगून ठेवा.